रकाना सात

परळच्या इस्पितळात, जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर
एक निळं रजिस्टर माझ्या ताब्यात आहे.
रकाना एक : नाव.
रकाना चार : गाठीचा आकार.
रकाना सात : अभ्यासात न घेण्याचं कारण.
नऊ वर्षं त्या सातव्या रकान्यात
माझंच अक्षर आहे.

'येण्याजाण्याची अडचण.'
'फोन नाही.'
'हिमोग्लोबिन कमी.'
'नातेवाइकांचा नकार.'
'समजलं नाही.'
कुणाला समजलं नाही
ते मी लिहिलेलं नाही.

मथी हाडळ आली मंगळवारी, आरेतल्या पाड्यावरून.
म्हणजे मुंबईतूनच. पिनकोडसुद्धा मुंबईचा.
पाड्यापासून डांबरी रस्ता पाऊण तास,
आणि रस्त्यापासून माझ्या टेबलापर्यंत तेरा महिने :
आधी भगत, मग गोरेगावचा डॉक्टर, मग मलम,
मग एक चिठ्ठी, जी मुलाच्या खिशात
शर्टाबरोबर धुतली गेली.

मी बावीस पानी संमतिपत्र काढलं.
शुद्ध मराठी, कुणाचीच आई न बोललेली.
'यादृच्छिक वाटप' वाचताना माझीच जीभ अडखळली.
"म्हणजे छापा-काटा," मी म्हटलं.
"माझ्या जिवाचा?"
"नाही हो. कुठलं औषध मिळणार, त्याचा."
तिनं पदर ओढून घेतला, गाठीच्या बाजूचा.

मुलगा रूपजी दाराशीच उभा होता.
"प्रयोग हाय ना हा?"

प्रयोग.
माझ्या बाबांना या शब्दात टाळ्या ऐकू यायच्या.
गिरणी सुटल्यावर तालीम, तिसरी घंटा,
'आज पंचविसावा प्रयोग' खडूनं लिहिलेली फळी.
रूपजीला ऐकू आली सुई,
आणि टेबलाला बांधलेले पाय.
एकच शब्द. आमच्या घरी त्याला पडदा होता.

"आमच्यावर नको. आधी दुसऱ्या कुणावर करा."

तेच तर होत आलंय रे.
आधी दुसऱ्या कुणावरच, दरवेळी.
या औषधाचं माप ज्यांच्या रक्तावरून ठरलं
त्यांच्या रक्तात विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी नव्हत्या,
उपाशीपोटी गवत कापायला ते गेले नव्हते.
पाच-सात वर्षांनी तुझ्या आईला मिळेल
दुसरीच्या मापाचं पोलकं,
आणि उसवलं तर सगळे म्हणतील, हिचंच अंग वेडंवाकडं.

हे मी बोलले नाही.
कारण त्याची भीतीही खोटी नव्हती.
ज्यांना विचारलंच नाही
आणि ज्यांचा अंगठा आधीच उमटलेला सापडला
त्यांच्याबद्दल मीही ऐकून आहे.

मथीनंच मग विचारलं,
"आमच्यातली आजून कोन हाय यात?"
मी रजिस्टर मागं चाळलं. बोट फिरवत, वर्षामागून वर्ष.
ती माझ्या बोटाकडे बघत होती.
"नाय ना?"
"नाही."
"मंग तुमच्या औषदाला आमी ठावंच नाय."
जरा थांबून म्हणाली,
"किती दिस खाडा पडंल?"
येण्याजाण्याचे तीनशे रुपये आहेत बजेटमध्ये.
बुडालेल्या मजुरीचा रकाना नाही.

गुरुवारी येते म्हणाली. आज शनिवार.
सगळे गेल्यावर मी रजिस्टर पुन्हा उघडलं
आणि 'समजलं नाही' शोधत बसले.
एकेचाळीस सापडले. प्रत्येकावर एकच सरळ रेघ मारून
बाजूला लिहिलं : 'समजावलं नाही.'
फरक फार नाही, एक काना आणि एक व.
शेजारी सही, आजची तारीख.
आमच्याकडे नियमच आहे तसा :
चूक खोडून टाकायची नाही,
खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत.

मथीचा रकाना कोरा ठेवलाय.
उद्या सुट्टी आहे. ती बावीस पानं इथंच राहू देत.
गोरेगावला उतरून
पुढं विचारत विचारत जाईन.